क्रॅश सोडून ड्रॅगनवर जायचंय: व्हीएमकोअर तपासायच्या जुन्या स्क्रिप्ट कशा हलवायच्या?

डंपदफ्तर (मूळ प्रश्न)

कर्नल पॅनिकनंतर (लिनक्सचा गाभा कोसळल्यावर) केडंपने साठवलेले व्हीएमकोअर, म्हणजे त्या क्षणीच्या मेमरीच्या प्रती, आमच्याकडे क्रॅश या डीबगरमध्ये उघडून तपासतात. आता हे काम ड्रॅगनवर, म्हणजे पायथॉनमधून चालवता येणाऱ्या डीबगरवर, न्यायचं ठरलं आहे. क्रॅशच्या आउटपुटवर ग्रेप आणि ऑक ही मजकूर चाळणारी साधनं चालवून बनवलेल्या स्क्रिप्टचा ढीग झाला आहे. कर्नल बदलला, एखाद्या कॉलमची रुंदी बदलली, की त्या गपचूप चुकीचं उत्तर देतात.

थोडी माहिती: मशीन एक्स८६-६४ आणि काही एआरएम६४, कर्नल ५.१५ आणि ६.६. डंप दाबून लहान करणारं मेकडंपफाइल ‘-एल’ आणि ‘-डी ३१’ लावून चालतं. डीबगइन्फो (कर्नलमधली नावं आणि टाइप यांची माहिती) पॅकेजं एका सर्व्हरवर जपून ठेवलेली असतात. बहुतेक तपास अडकलेल्या टास्कचा असतो: ‘फॉरईच यूएन बीटी’ (अनइंटरप्टिबल झोपेतल्या टास्कचे स्टॅक), ‘पीएस -एम’ (कोणती टास्क शेवटची कधी चालली), मग हाताने लॉकचा मालक शोधणं. थोडा भाग स्लॅबमधल्या (कर्नलच्या छोट्या ऑब्जेक्टच्या मेमरीतल्या) गळतीचा. आमचा स्वतःचा एक आउट-ऑफ-ट्री (कर्नलच्या मूळ सोर्सबाहेरचा) मॉड्यूलही आहे.

कोणती क्रॅश कमांड म्हणजे ड्रॅगनमधलं काय, असा तक्ता बनवायला घेतला, पण निम्म्या ओळी रिकाम्या राहतात. सुरुवात कुठून करावी, आणि कुठे हमखास फसायला होतं?

(कमांड आणि फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. अंडरस्कोर आहेत तिथे तसेच ठेवलेत.)

---

कोअरवाचक

तक्ता बाजूला ठेवा. क्रॅशमध्ये कमांड देऊन मजकूर मिळतो. ड्रॅगनमध्ये पायथॉनचं ऑब्जेक्ट मिळतं आणि त्याला सी भाषेतला टाइप चिकटलेला असतो. त्यामुळे ‘या कमांडच्या जागी कोणती कमांड’ असं विचारण्यापेक्षा ‘ही कमांड कर्नलमधलं कोणतं स्ट्रक्चर वाचत होती’ हे विचारलं की रिकाम्या ओळी भरायला लागतात. ‘मॉड’ म्हणजे ‘मॉड्यूल्स’ नावाच्या लिस्टवरून फिरणं. ‘पीएस’ म्हणजे ‘फॉर_ईच_टास्क’ लावून प्रत्येक टास्कचा ‘पिड’ आणि ‘कॉम’ छापणं. दोन ओळींचं काम.

आधी इन्स्टॉलेशन तपासा, कारण पहिली ठेच तिथेच लागते. ‘ड्रॅगन --व्हर्जन’ चालवा. पायथॉन आणि एल्फयुटिल्सच्या आवृत्त्यांनंतर शेवटी ‘विथ लिबकेडंपफाइल’ दिसलं पाहिजे. ‘विदाउट’ दिसलं तर साधे एल्फ डंप उघडतील, पण मेकडंपफाइलने दाबलेले तुमचे डंप उघडणार नाहीत. पिपवरून येणाऱ्या तयार व्हीलमध्ये (पायथॉनच्या पॅकेजमध्ये) ही लायब्ररी सोबत येते. सोर्सवरून बांधताना मात्र तिच्या हेडर फाइल आधी टाकाव्या लागतात, नाहीतर ती वगळून बिल्ड बिनतक्रार पूर्ण होतो.

डंप नेटवर्कवरून एसएसएचने पाठवत असाल तर तो ‘फ्लॅटन्ड’ स्वरूपात उतरलेला असू शकतो. जुन्या लिबकेडंपफाइलला ते वाचता येत नाही. ‘मेकडंपफाइल -आर नवी_फाइल < जुनी_फाइल’ असं एकदा फिरवून घ्या.

मग ‘ड्रॅगन -सी व्हीएमकोअर -एस व्हीएमलिनक्स’ (व्हीएमलिनक्स म्हणजे डीबगइन्फोसह कर्नलची फाइल). क्रॅशला व्हीएमलिनक्स चुकीचा दिला तर तो ‘जुळत नाही’ म्हणून थांबतो. ड्रॅगन बिल्ड आयडी (प्रत्येक बिल्डची ओळखखूण) ताडून पाहतो आणि जुळणारी डीबगइन्फो मिळाली नाही तर इशारा देऊन प्रॉम्प्टवर नेऊन सोडतो. इशारा नजरेतून सुटला की पुढे प्रत्येक नावाला ‘लुकअपएरर’ येतो आणि माणूस स्क्रिप्टमध्येच चूक शोधत बसतो. ऑटोमेशनमध्ये स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच ‘प्रोग.टाइप("स्ट्रक्ट टास्क_स्ट्रक्ट")’ मागा. नाही मिळालं तर तिथेच थांबा.

एआरएम६४चे डंप एक्स८६ मशीनवर उघडायला वेगळा बिल्ड लागत नाही. क्रॅशसाठी ‘टार्गेट=एआरएम६४’ देऊन दुसरी बायनरी ठेवावी लागायची, ती कटकट संपली.

आता सवयींबद्दल. पत्त्यावरून स्ट्रक्चर बघायचे दोन मार्ग आहेत आणि त्यांची सरमिसळ फार होते. ‘ऑब्जेक्ट(प्रोग, "स्ट्रक्ट टास्क_स्ट्रक्ट *", पत्ता)’ म्हणजे ज्याची किंमत तो पत्ता आहे असा पॉइंटर. ‘ऑब्जेक्ट(प्रोग, "स्ट्रक्ट टास्क_स्ट्रक्ट", अ‍ॅड्रेस=पत्ता)’ म्हणजे त्या पत्त्यावर ठेवलेलं स्ट्रक्चर. दोन्ही बरोबर. पण पॉइंटर टाइप देऊन वर ‘अ‍ॅड्रेस=’ही लिहिलं, तर ड्रॅगन त्या पत्त्यावरचे आठ बाइट पॉइंटर समजून वाचतो. एक पायरी जास्त उतरली जाते आणि कचरा मिळतो. कधी तो कचरा वैध पत्त्यासारखा दिसतो, आणि खरा धोका तिथे आहे.

ड्रॅगनच्या स्वतःच्या मेथडच्या नावाला शेवटी अंडरस्कोर असतो: ‘व्हॅल्यू_()’, ‘अ‍ॅड्रेस_ऑफ_()’, ‘स्ट्रिंग_()’, ‘रीड_()’. स्ट्रक्चरच्या मेंबरशी नावाची टक्कर होऊ नये म्हणून ही सोय. एखाद्या मेंबरचं नाव पायथॉनचा राखीव शब्द असेल, उदाहरणार्थ ‘क्लास’, तर ‘मेंबर_("क्लास")’ लिहा.

प्रॉम्प्टवर सगळे हेल्पर आपोआप इम्पोर्ट झालेले असतात, स्क्रिप्टमध्ये नसतात. प्रॉम्प्टवर चाललेली ओळ स्क्रिप्टमध्ये ‘नेमएरर’ देते ती यामुळेच. वरती ‘ड्रॅगन.हेल्पर्स.लिनक्स’मधून लागतील तेवढे इम्पोर्ट करा. ‘प्रोग’ मात्र दोन्हीकडे तयार मिळतो.

आणखी एक: प्रॉम्प्टवर नुसतं ‘टास्क’ टाइप करून एंटर दाबाल तर पॉइंटरमागचं अख्खं स्ट्रक्चर, शेकडो ओळी, समोर येऊन पडेल. ‘टास्क.फॉरमॅट_(डीरेफरन्स=फॉल्स)’ दिलं की फक्त पत्ता छापला जातो.

---

रांग_आणि_कुलूप

अडकलेल्या टास्कबद्दल लिहितो, कारण ‘फॉरईच यूएन बीटी’ ही एकच ओळ हलवताना तीन चुका होतात आणि शेवटच्या दोन्हींत स्क्रिप्ट कसलीही तक्रार करत नाही.

पहिली चूक फील्डच्या नावाची. ५.१४पासून टास्क_स्ट्रक्टमधला ‘स्टेट’ जाऊन ‘__स्टेट’ आला. तुमचे ५.१५ आणि ६.६ दोन्ही नवे आहेत, त्यामुळे तुम्हाला एकच नाव पुरेल. पण पायथॉनच्या क्लासच्या आत ‘टास्क.__स्टेट’ लिहिलं तर पायथॉन त्या नावाला क्लासचं नाव जोडतो आणि असा मेंबरच नाही म्हणून एरर येतो. तोच कोड क्लासच्या बाहेर नीट चालतो. क्लासमध्ये ‘मेंबर_("__स्टेट")’ वापरा.

दुसरी आणि तिसरी चूक तुलनेची. ‘__स्टेट == २’ लिहिलं तर किलेबल (मारता येणाऱ्या) झोपेतल्या टास्क सुटतात. त्यांची किंमत हेक्समध्ये १०२ असते, म्हणजे अनइंटरप्टिबलच्या बिटसोबत वेककिलचा बिट. एनएफएसवर अडकलेल्या प्रोसेस बहुधा याच गटात असतात, म्हणजे नेमक्या हव्या असलेल्याच गळतात. ते टाळायला ‘__स्टेट & २’ लिहिलं की उलटं होतं: रिकामे बसलेले केवर्कर (कर्नलचे कामकरी) थ्रेडही यादीत येतात. त्यांची स्थिती टास्क_आयडल, हेक्समध्ये ४०२, आणि त्यातही २ हा बिट आहेच. क्रॅश त्यांना ‘आयडी’ म्हणून वेगळं दाखवतो, ‘यूएन’मध्ये धरत नाही.

म्हणून बिटांशी न खेळता ‘टास्क_स्टेट_टू_कॅर(टास्क)’ हा हेल्पर वापरा. त्याचं उत्तर ‘डी’ (अनइंटरप्टिबल झोप) आलं तर टास्क घ्या, ‘आय’ (आयडल) आलं तर सोडा. फील्डचं नाव आणि बिटांच्या किमती तो स्वतः सांभाळतो, जुन्या कर्नलवरही.

सांगाडा एवढाच:

फॉर टी इन फॉर_ईच_टास्क(प्रोग):
    इफ टास्क_स्टेट_टू_कॅर(टी) == "डी":
        प्रिंट(टी.पिड.व्हॅल्यू_(), टी.कॉम.स्ट्रिंग_())
        प्रिंट(प्रोग.स्टॅक_ट्रेस(टी))

‘पीएस -एम’ला टास्क शेवटची कधी चालली ते दिसतं. त्यासाठी त्या टास्कच्या सीपीयूच्या रनक्यूमधला (चालायच्या टास्कच्या रांगेतला) ‘क्लॉक’ घ्या, ‘पर_सीपीयू(प्रोग["रनक्यूज"], सीपीयू).क्लॉक’, आणि त्यातून ‘टी.शेड_इन्फो.लास्ट_अरायव्हल’ वजा करा. उत्तर नॅनोसेकंदात. दोन्ही फील्ड बिनचिन्ह ६४ बिटांची आहेत आणि ड्रॅगन वजाबाकी सीच्या नियमाने करतो. वजाबाकी शून्याखाली गेली तर उत्तर गुंडाळून सुमारे ५८४ वर्षांवर जाऊन बसतं, आणि क्रमवारी लावली की नेमकी तीच टास्क सगळ्यात वर दिसते. दोन्हींना आधी ‘.व्हॅल्यू_()’ लावा. मग साधे पायथॉनचे आकडे मिळतात, ऋण उत्तर ऋणच दिसतं.

शिवाय आयडल सीपीयूच्या रनक्यूचं घड्याळ पुढे सरकलेलं नसतं. दहा मिनिटं अडकलेली टास्क त्या हिशेबात दोन सेकंदांची वाटू शकते. सगळ्या सीपीयूंच्या ‘क्लॉक’मधली सर्वांत मोठी किंमत ‘आत्ताची वेळ’ म्हणून धरा. मशीनची टीएससी (सीपीयूचं घड्याळ) स्थिर असेल तर सीपीयूंमधला फरक इतका किरकोळ असतो की या कामासाठी दुर्लक्ष केलं तरी चालतं.

---

डंपदफ्तर

‘== २’चा प्रकार आमच्या स्क्रिप्टमध्ये आहेच, बदलतो. आता लॉकच्या मालकाचं. क्रॅशमध्ये ‘बीटी -एफ’ काढून स्टॅकमधले शब्द चाळून म्युटेक्सचा (एका वेळी एकालाच मिळणाऱ्या लॉकचा) पत्ता ओळखायचा, हे काम प्रत्येक वेळी माणसालाच करावं लागतं. ड्रॅगनमध्ये फ्रेमचे (स्टॅकमधल्या एकेका फंक्शन-कॉलचे) व्हेरिएबल थेट मिळतात असं वाचून ‘__म्युटेक्स_लॉक’च्या फ्रेममधून ‘लॉक’ मागितला, तर ‘अ‍ॅब्सेंट ऑब्जेक्ट’ येतो. ५.१५वर आला, ६.६वरही. डीबगइन्फो अपुरी आहे का?

---

रांग_आणि_कुलूप

डीबगइन्फो पुरेशी आहे. ‘लॉक’ हा पॅरामीटर रजिस्टरमधून येतो. फंक्शनमध्ये त्याचं काम संपलं की कंपायलर ते रजिस्टर दुसऱ्या कामाला लावतो. टास्क झोपली त्या क्षणी ती किंमत कुठे जपून ठेवल्याचं ड्वार्फमध्ये (डीबगइन्फोच्या स्वरूपात) नोंदलेलं नसेल तर ड्रॅगन अंदाज बांधत नाही, ‘अ‍ॅब्सेंट’ सांगतो. हे वागणं बरोबर आहे. चुकीच्या पत्त्यापेक्षा उत्तर नसलेलं परवडतं.

पण त्याच फंक्शनमध्ये ‘वेटर’ नावाचा लोकल आहे, ‘स्ट्रक्ट म्युटेक्स_वेटर’. तो म्युटेक्सच्या प्रतीक्षायादीत ओवलेला असतो, म्हणजे त्याचा पत्ता बाहेर दिलेला आहे. असा व्हेरिएबल कंपायलरला रजिस्टरमध्ये विरघळवता येत नाही, तो स्टॅकवर ठेवावाच लागतो. त्यामुळे ‘लॉक’ हरवला तरी ‘वेटर’ जवळपास नेहमी सापडतो.

फ्रेमचा क्रमांक कोडमध्ये पक्का लिहू नका. इनलाइन झालेली (बोलावणाऱ्या फंक्शनमध्येच मिसळलेली) फंक्शनं ड्रॅगन वेगळ्या फ्रेम म्हणून दाखवतो. ‘वेटर’ कधी ‘__म्युटेक्स_लॉक_कॉमन’च्या फ्रेममध्ये असतो आणि वर ‘काँटेक्स्ट_स्विच’, ‘__शेड्यूल’, ‘शेड्यूल’ यांची संख्या बिल्डगणिक बदलते. ट्रेसमधल्या प्रत्येक फ्रेमला ‘"वेटर" इन फ्रेम’ विचारा, पहिला ‘हो’ म्हणेल तो घ्या. मग ‘वेटर.टाइप_’ बघा. म्युटेक्स_वेटर असेल तर पुढे जा. आरडब्ल्यूसेम_वेटर असेल तर ते रीड-राइट सेमाफोर (अनेक वाचकांना एकत्र, पण लिहिणाऱ्याला एकट्यालाच मिळणारं लॉक) आहे, त्याचे नियम वेगळे.

आता ‘वेटर.लिस्ट’पासून ‘नेक्स्ट’ धरून चालत जा. ही गोल यादी आहे. तिच्यातला एक नोड सोडून बाकी सगळे कोणत्या ना कोणत्या टास्कच्या स्टॅकवर असतात, कारण ते सगळे वाट बघणारे आहेत. उरलेला एक नोड म्हणजे यादीचं डोकं, म्युटेक्सच्या आतलं ‘वेट_लिस्ट’. वाट बघणारा एकटाच असेल तर ‘वेटर.लिस्ट.नेक्स्ट’ हेच डोकं. एकाहून जास्त असतील तर प्रत्येक नोडचा पत्ता ‘आयडेंटिफाय_अ‍ॅड्रेस’ला द्या. नव्या आवृत्त्यांत तो पत्ता कोणत्या टास्कच्या स्टॅकवर आहे ते तो सांगतो. स्लॅबमधला पत्ता असेल तर कॅशचं नाव देतो, ग्लोबल असेल तर सिम्बॉल.

डोकं सापडलं की ‘कंटेनर_ऑफ(नोड, "स्ट्रक्ट म्युटेक्स", "वेट_लिस्ट")’. म्युटेक्स हातात आला.

मालक ‘ओनर.काउंटर’मध्ये असतो, पण खालचे तीन बिट झेंडे आहेत: कोणी वाट बघतंय, हँडऑफ हवा, हँडऑफ उचलायचा. ‘कास्ट("स्ट्रक्ट टास्क_स्ट्रक्ट *", एम.ओनर.काउंटर & ~७)’ केलं की टास्क मिळते. झेंडे न काढता कास्ट केलं तर पत्ता एक ते सात बाइटने सरकतो. ‘कॉम’ वाचलात तर पहिली काही अक्षरं गायब झालेली दिसतील. तसं दिसलं तर कारण हेच.

मालक शून्य आणि यादीत वाट बघणारे असं एकत्र दिसलं तर कर्नल मोडला असं लगेच समजू नका. लॉक सुटून पुढचा जागा व्हायच्या मधल्या क्षणी डंप पडला असू शकतो. मालकाचा पत्ता ‘फॉर_ईच_टास्क’च्या यादीत नसेल तर मात्र लक्ष द्या. लॉक न सोडताच टास्क संपली, असा त्याचा अर्थ निघतो, आणि अशा वेळी त्या पत्त्यावरची मेमरी एव्हाना दुसऱ्या कोणाची झालेली असू शकते. त्यामुळे मालकाचं नाव छापण्याआधी ही तपासणी करा.

मालकही ‘डी’मध्ये असेल तर त्याच्यावर हीच क्रिया पुन्हा. भेट दिलेल्या टास्कचे पिड एका सेटमध्ये टाकत जा. पिड पुन्हा आला की डेडलॉकचं वर्तुळ पूर्ण झालं. सेटमध्ये टाकताना ‘.व्हॅल्यू_()’ लावून साधे आकडेच टाका, ड्रॅगनची ऑब्जेक्ट नकोत.

आरडब्ल्यूसेममध्ये ‘ओनर’चा सर्वांत खालचा बिट लागलेला असेल तर लॉक वाचकांकडे आहे, आणि तिथे लिहिलेली टास्क फक्त सूचक असते. तो वाचक लॉक सोडून केव्हाच गेलेला असू शकतो. तिथे साखळी थांबवा आणि ‘वाचकांकडे’ एवढंच छापा. चुकीच्या माणसाचं नाव घेण्यापेक्षा ते बरं.

---

स्लॅबपान

स्लॅबच्या भागाबद्दल. ‘स्लॅब_कॅश_फॉर_ईच_अ‍ॅलोकेटेड_ऑब्जेक्ट(कॅश, "स्ट्रक्ट डेंट्री")’ वापरायला सोपा आहे, पण त्याला दिलेला टाइप तो तपासत नाही. स्लब अ‍ॅलोकेटर सारख्या मापाच्या कॅश (एका प्रकारच्या ऑब्जेक्टचे साठे) एकत्र करतो. तुमच्या मॉड्यूलने बनवलेली कॅश दुसऱ्या एखादीत विलीन झाली असेल तर ‘फाइंड_स्लॅब_कॅश’ला ती त्या नावाने सापडणारच नाही. जिच्यात विलीन झाली ती उघडलीत तर तुमच्या ऑब्जेक्टमध्ये परकी ऑब्जेक्टही मिसळलेली मिळतील आणि गळतीचा आकडा फुगेल. ‘गेट_स्लॅब_कॅश_एलियासेस’ने कोण कोणात मिसळलंय ते कळतं. गळतीचा तपास चालू असेल तेवढे दिवस ‘स्लॅब_नोमर्ज’ बूट पॅरामीटर लावून मशीन चालवणं सर्वांत खात्रीचं.

वेगाबद्दल: लाखो ऑब्जेक्टवर फिरताना प्रत्येक मेंबरसाठी डंपमधून वेगळं वाचन होतं आणि पायथॉनचा खर्च त्यावर चढतो. एकाच स्ट्रक्चरची पाचसात फील्ड हवी असतील तर आधी ‘ओ = पी[०].रीड_()’ करून स्ट्रक्चर एकदाच आत घ्या आणि मग फील्ड काढा. दोनच फील्ड हवी असतील आणि स्ट्रक्चर काही किलोबाइटचं असेल तर उलट तोटा होतो, तिथे थेट वाचा.

मोडलेल्या लिस्टचं भान ठेवा. क्रॅशची ‘लिस्ट’ तोच नोड पुन्हा आला की थांबते. ‘लिस्ट_फॉर_ईच_एंट्री’ डोक्याकडे परतेपर्यंत चालते, आणि मधेच वर्तुळ झालं असेल तर चालतच राहते. रात्री आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टसाठी हे वाईट. संशयास्पद लिस्टवर ‘व्हॅलिडेट_लिस्ट_फॉर_ईच_एंट्री’ वापरा. तो प्रत्येक पायरीला ‘नेक्स्ट’ आणि ‘प्रीव्ह’ एकमेकांशी जुळतात का बघतो आणि न जुळल्यास एरर देतो. लिस्ट कुठे तुटली तो पत्ताही त्याच एररमध्ये मिळतो.

मॉड्यूल: ‘मॉड -एस’च्या जागी सुरू करतानाच आणखी एक ‘-एस तुमचा_मॉड्यूल.केओ’ द्या (केओ म्हणजे मॉड्यूलची बांधलेली फाइल). इथेही बिल्ड आयडीच ताडला जातो. त्याच सोर्सवरून नंतर पुन्हा बांधलेला केओ चालेलच असं धरू नका. प्रत्येक रिलीजचा, डीबगइन्फो न काढलेला केओ जपून ठेवा. क्रॅशमध्ये नुसतं नाव जुळलं की काम भागायचं आणि ऑफसेट गुपचूप चुकायचे.

‘-डी ३१’ म्हणजे १, २, ४, ८, १६ या सगळ्यांची बेरीज: शून्य पानं, पेज कॅश, प्रायव्हेट पेज कॅश, यूजरची पानं आणि मोकळी पानं, सगळी वगळलेली. स्लॅब त्यात राहतो, म्हणून वरची सगळी कामं होतात. पण एखाद्या प्रोसेसची स्वतःची मेमरी किंवा पेज कॅशमधला मजकूर वाचायला गेलात तर ‘फॉल्टएरर’ येईल. तो ड्रॅगनचा दोष नव्हे, पान डंपमध्येच नाही. ते हवं असेल तर ‘-डी १७’ ठेवा आणि जागेची तजवीज करा. क्रॅश तुम्ही ‘--झीरो_एक्सक्लूडेड’ देऊन चालवत असाल तर तिथे वगळलेल्या पानांच्या जागी शून्यं मिळत होती. दोन्हींच्या उत्तरात फरक दिसला की आधी हे आठवा.

---

निशाचर६४

एक मुद्दा वर राहिला. क्रॅश लगेच काढून टाकू नका. हाताशी असलेल्या जुन्या व्हीएमकोअरपैकी ज्यांचं निदान आधीच पक्कं झालंय ते वेगळे काढा. नवी स्क्रिप्ट आणि जुनी क्रॅशची स्क्रिप्ट दोन्ही त्यांवर चालवा आणि पिडच्या याद्या डिफने ताडा. नुसती संख्या जुळणं पुरेसं नाही. वर सांगितलेल्या दोन चुका एकाच वेळी झाल्या, चार सुटले आणि चार वाढले, तर संख्या जुळूनही उत्तर चुकीचं असतं.

ड्रॅगनच्या नव्या आवृत्त्यांत प्रॉम्प्टवर ‘%क्रॅश’ लिहून क्रॅशच्या बऱ्याच कमांड तशाच देता येतात. एखाद्या कमांडला ‘--ड्रॅगन’ जोडलं तर तेच काम करणारा पायथॉन कोड तो छापून देतो. तुमच्या तक्त्यातल्या रिकाम्या ओळींसाठी हा सर्वांत जवळचा रस्ता आहे. मात्र ‘%क्रॅश’चं आउटपुट पकडून पुन्हा ऑकमध्ये ओतू नका. ज्या त्रासातून बाहेर पडायचंय तोच परत येईल.

कोअरवाचकांनी सांगितलेल्या ‘प्रोग.टाइप’च्या तपासणीला मी जोड देईन: फक्त व्हीएमलिनक्सच नाही, तुमच्या मॉड्यूलमधलाही एक टाइप सुरुवातीला मागून बघा. कर्नलची डीबगइन्फो मिळाली आणि मॉड्यूलची नाही, हा अर्धवट प्रकार जास्त घडतो.

व्हर्च्युअल मशीनचे डंप क्यूईएमयूच्या (ती मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) बाजूने घेत असाल तर गेस्टला ‘-डिव्हाइस व्हीएमकोअरइन्फो’ जोडलेलं हवं. ते नसेल तर डंपमध्ये व्हीएमकोअरइन्फोची नोंद येत नाही, आणि केएएसएलआरने (बूटच्या वेळी कर्नलचा पत्ता बदलणाऱ्या सोयीने) कर्नल कुठे सरकवलाय हे ड्रॅगनला कळायला मार्ग उरत नाही. हे डिव्हाइस आधीच जोडून ठेवायला हवं, अडकलेल्या मशीनला ऐनवेळी जोडून उपयोग नाही.

---

डंपदफ्तर

वेटरकडून म्युटेक्सपर्यंतची वाट दोन्ही कर्नलवर चालली, सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा प्रश्न: काही मशीन पॅनिक करता येत नाहीत, चालू असतानाच बघावी लागतात. त्यांच्यावर हीच स्क्रिप्ट तशीच चालेल का?

---

कोअरवाचक

चालेल, थोडे बदल करून. आर्ग्युमेंट न देता ‘ड्रॅगन’ सुरू केलं की तो ‘/प्रॉक/केकोअर’, म्हणजे चालू कर्नलची मेमरी, उघडतो. रूट लागतो. कर्नल लॉकडाउनच्या (रूटलाही अडवणाऱ्या सुरक्षेच्या) कॉन्फिडेन्शियॅलिटी मोडमध्ये असेल तर केकोअर रूटलाही उघडत नाही. इंटिग्रिटी मोडमध्ये उघडतो.

चालू मशीनवर ऑब्जेक्ट म्हणजे प्रत निघालेली नसते, फक्त पत्ता आणि टाइप असतो. एकाच ओळीत ‘एम.ओनर.काउंटर’ दोनदा लिहिलं तर दोनदा वाचलं जातं आणि मधल्या क्षणात ते बदललेलं असू शकतं. मालक तपासताना ‘व्ही = एम.ओनर.काउंटर.व्हॅल्यू_()’ असं एकदाच घ्या, मग झेंडे आणि पत्ता दोन्ही ‘व्ही’मधूनच काढा.

सीपीयूवर धावत असलेल्या टास्कचा स्टॅक चालू मशीनवर उलगडता येत नाही, ‘व्हॅल्यूएरर’ येतो. ‘डी’मधली टास्क झोपलेली असते म्हणून अडचण नाही, पण स्थिती तपासणं आणि स्टॅक काढणं यांच्यामध्ये ती जागी होऊ शकते. त्या एका टास्कभोवती ‘ट्राय’ लावा आणि पुढे चला, अख्खी स्क्रिप्ट पडू देऊ नका. ‘फॉल्टएरर’ही तिथेच पकडा. लिस्टवर चालताना नोड मोकळा झाला तर तो येतो, म्हणून चालू मशीनवर लिस्टच्या लूपला पायऱ्यांची कमाल मर्यादाही घाला.

खरोखर ‘डी’त अडकलेली टास्क ओळखायला काही सेकंदांच्या अंतराने दोन फेऱ्या करा आणि दोन्हींत ‘एनव्हीसीएसडब्ल्यू’ अधिक ‘एनआयव्हीसीएसडब्ल्यू’ (टास्क किती वेळा सीपीयूवरून उतरली त्याचे आकडे) ही बेरीज तीच राहिली का बघा. कर्नलमधला हंग टास्कचा पहारेकरीही हीच बेरीज बघतो, फक्त त्याचा कालावधी मुळात १२० सेकंदांचा असतो.